हातानंतर पाय

ती तीन वेळा ‘हात’ या शब्दापाशी थांबली आणि तिन्ही वेळा मी तिला पुढचा शब्द सांगितला : पाय. घडले ते इतकेच. ज्याला नंतर सगळ्यांनी अपघात म्हटले ते त्याआधीच होऊन गेले होते आणि त्यात माझा काही दोष नव्हता, हे मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला दोनदा समजावले आहे, डॉक्टरांनी एकदा आणि ताईने किती वेळा ते आठवत नाही. पाच वर्षांचे मूल वीतभर उंचीच्या खोक्यावरून उडी मारते, त्याचा पाय सतरंजीच्या कडेत अडकतो, ते पडते. जगातल्या कुठल्याही खोलीत हे होऊ शकते. पण मी त्या पडण्याविषयी बोलतच नाही. मी बोलतो आहे ते त्यानंतरच्या दोन मिनिटांविषयी. त्या दोन मिनिटांत एक मूल माझ्यासमोर उभे राहून मला काही सांगत होते आणि मी ताल देत होतो.

आमचा वर्ग पहिल्या मजल्यावर, जिना संपतो तिथेच डाव्या अंगाला आहे. पूर्वी त्या खोलीत नकाशे ठेवीत असत; भिंतींत अजून खिळे आहेत आणि त्यांच्याखाली जगाच्या आकाराचे फिकट चौकोन उरले आहेत. खिडकीतून मागच्या लॉन्ड्रीचे धुराडे दिसते. दुपारी त्यातून पांढरी वाफ येते आणि काचेवर बसते, मुले तिच्यावर बोटाने चित्रे काढतात. या खोलीत आठवड्यातून तीन दिवस, चाळीस मिनिटे, मी अठरा मुलांना चिनी भाषा शिकवतो. चार ते सहा वर्षांची मुले. त्यांना धड स्वतःच्या बुटांच्या नाड्या बांधता येत नाहीत. पालकांना विचारले तर प्रत्येकाचे कारण वेगळे. कुणी म्हणते पुढे नोकरीला उपयोगी पडेल, कुणी म्हणते शेजारच्यांचा मुलगा शिकतो म्हणून. मोठ्या बाईंचे एकच वाक्य ठरलेले आहे, “भाषा लहानपणीच पेरावी लागते, सर.” पोरांना पाणी देणाऱ्या, त्यांची नाके पुसणाऱ्या मावशींचे मत त्याहून स्पष्ट. “सर, तुमच्या खोलीवरून गेलं ना की झाडाखालून गेल्यासारखं वाटतं,” त्या म्हणतात. “नुसता चिवचिवाट. बरं, चिमण्यांना तरी कळतं आपण काय बोलतोय ते.” मी हसतो. मावशींच्या बोलण्यावर हसण्याखेरीज मला दुसरे काही कधी सुचलेले नाही.

मी गाण्यांतून शिकवतो. गाणी माझीच आहेत. चालीही माझ्याच, अगदी साध्या, चार-पाच सुरांत मावणाऱ्या. दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटून मी ताल धरतो. तीन वर्षांत अकरा गाणी झाली. एक आल्यावर नमस्कार करण्याचे, एक दहापर्यंतच्या आकड्यांचे, रंगांचे, फळांचे, घरातल्या माणसांचे, ढगांचे आणि उन्हाचे. आणि एक शरीराचे, जे मुलांचे सर्वांत आवडते. थोऊ म्हणजे डोके, येनचिंग म्हणजे डोळे, मग कान, मग नाक, तोंड. मग शोऊ म्हणजे हात आणि शेवटी च्याओ, पाय, ज्यावर अठराही जण एकदम पाय आपटतात आणि खालच्या वर्गातल्या बाई छताकडे पाहून सुस्कारा सोडतात. दुखण्याचे गाणे मी केलेले नव्हते. भूक, तहान, दुखणे हे सगळे तिसऱ्या सत्रासाठी राखून ठेवले होते. माझ्या वहीत तसा तक्ता आहे, स्वच्छ अक्षरात, आखलेल्या रकान्यांत. आधी जगातल्या वस्तूंची ओळख, मग स्वतःच्या गरजांची. हा क्रम मला त्या वेळी फार विचारपूर्वक वाटला होता.

आणि एक नियम होता. वर्गाच्या दाराबाहेर मुले चपला-बूट काढतात. त्याच वेळी घरची भाषाही तिथेच काढून ठेवायची. पहिल्या दिवशी मी हे अभिनयाने शिकवले होते. तोंडातून काहीतरी ओढून काढल्यासारखे करायचे, ते चपलेत कोंबायचे आणि मग ओठांवर अदृश्य किल्ली फिरवायची. मुलांना तो खेळ इतका आवडला की मला नियम पाळून घेण्याचे कष्ट कधी पडलेच नाहीत. सतरंजीवर पाऊल ठेवल्यावर कुणाच्या तोंडून घरचा शब्द निसटला की उरलेली सतरा मुले त्याच्याकडे वळून, डोळे मोठे करून, ओठांवर किल्ली फिरवतात. ज्याला फिरवली तोही हसतो, आणि शब्द परत गिळतो. पाहुण्यांना हे दृश्य दाखवायला मोठ्या बाई मुद्दाम घेऊन यायच्या. “बघा,” त्या दारातूनच कुजबुजायच्या, “एकही शब्द आपला नाही!” त्या वेळी मला जी धन्यता वाटे ती आता आठवली की तोंडात गंजलेल्या लोखंडाची चव येते.

तिला सगळे बटण म्हणत. तिची आई घरी शिवणकाम करते, त्यामुळे मुलीच्या खिशात नेहमी बटणे. आणि एक तरी मुठीत, झोपेतसुद्धा, असे आई सांगे. बारीक, काळसर, न रडणारी मुलगी. रडणाऱ्या मुलांकडे ती नवलाने बघत राही. त्या दिवशी खोक्यावर उभे राहून गाणे सांगण्याची पाळी तिची होती. आमच्याकडे रोज एकाची पाळी असते : तो खोक्यावर चढतो, गाणे सांगतो, खाली उडी मारतो आणि मी त्याच्या कपाळाला कागदी चांदणी चिकटवतो. तिने फळांचे गाणे म्हटले, उडी मारली, पडली. मुले हसली, कारण पडणे हे मुलांना नेहमीच विनोदी वाटते. तीही लगेच उठली. मी चांदणी काढीत होतो. पाकिटातल्या चांदण्या एकमेकींना चिकटल्या होत्या आणि माझे लक्ष नखांकडे होते. पुन्हा वर पाहिले तेव्हा ती खोक्यावर परत चढलेली होती. हट्टी आहे, मला वाटले, अजून एक गाणे म्हणायचे आहे. आणि ती म्हणू लागली. थोऊ. येनचिंग. मी चांदण्या ठेवून ठोकळे उचलले. तिचा आवाज बारीक होता, पण सुरात होता. तिचा सूर कधीच सुटत नसे. कान, नाक, तोंड, शोऊ. तिथे ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी हसून ओठांचा आकार करून दाखवला : च्याओ. तिने नकारार्थी मान हलवली. पुन्हा सुरुवात केली, डोक्यापासून. पुन्हा शोऊपाशी थांबली. या वेळी मी मोठ्याने सांगितले, आणि मुलांनीही पाय आपटून तिला आठवण करून दिली. तिसऱ्यांदा तिने डोक्यापासून हातापर्यंतचे अंतर फार सावकाश पार केले, एखादे जड भांडे उचलून एकेक पायरी चढावी तसे, आणि हातापाशी येऊन ती उभी राहिली. तिच्या वरच्या ओठावर घाम होता. मी म्हणालो, च्याओ, च्याओ, आणि ठोकळे वाजवले.

मावशी पाण्याची बादली घेऊन आत आल्या आणि दारातच थबकल्या. “अहो सर!” त्या ओरडल्या, आणि त्या खोलीत कित्येक महिन्यांत कुणी घरच्या भाषेत इतक्या मोठ्याने बोलले नव्हते. “पोरीचा हात बघा की! मनगट कुठं गेलंय तिचं!” चिनी भाषेचा एक शब्दही न येणाऱ्या त्या बाईला, बादली खाली ठेवण्याआधीच, सगळे कळले होते. मुलांनी सवयीने मावशींकडे पाहून किल्ली फिरवली.

मुलाला शब्द येतो म्हणजे काय, याचा विचार मी भाषा शिकवणारा असूनही कधी केला नव्हता. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलाला विचारा, सात म्हणजे काय? ते एकपासून गाऊ लागेल आणि सातपाशी थांबेल. आजी म्हणजे काय? ते बाबांपासून सुरू करील, आईवरून, दादावरून जाईल आणि मग आजीपाशी पोहोचेल. त्यांचे शब्द सुटे नाहीत. ते दोरीत ओवलेले आहेत आणि दोरीचे टोक माझ्या हातात आहे. मला चिनी शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गुरुजींनी हे सांगितले होते. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि ते माझ्याकडे पाहताना नेहमी माझ्या कानाकडे पाहत असल्यासारखे वाटे. मी गाण्यांची कल्पना त्यांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ चहा ढवळत राहिले. “गाणं पाठ होतं,” ते म्हणाले. “चांगली गोष्ट आहे. पण गाणाऱ्याला आपण गाणारा म्हणतो, बोलणारा म्हणत नाही. माणूस कधी बोलतो माहितीये? अडखळतो तेव्हा. कुणी अडखळला की समजावं, आता हा काहीतरी बोलणार आहे. तेव्हा आपण गप्प बसायचं.” मी हे वाक्य वहीत उतरवून घेतले होते. तक्त्याच्या आधीच्या पानावर ते अजून आहे.

मी स्वतः ती भाषा का शिकलो, हे लोकांना सांगताना मी नेहमी काहीतरी भव्य सांगतो. खरे कारण असे की घरच्या भाषेत माझी लाज जन्मापासून मुरलेली होती. दुकानात जाऊन दोन मेणबत्त्या द्या म्हणताना माझे कान तापत. नव्या भाषेत मात्र मी कुणीच नव्हतो. तिथे मला कुणी ओळखत नव्हते, माझ्या मागे कुणी हसलेले नव्हते. ठरलेली वाक्ये होती, ठरलेली उत्तरे होती. तू कसा आहेस? मी छान आहे. आज हवा कशी आहे? आज हवा चांगली आहे. त्या वाक्यांच्या आत मी इतका सुरक्षित होतो, की पुढे जेव्हा मुलांना शिकवण्याची वेळ आली तेव्हा मी त्यांनाही तशीच एक सुरक्षित खोली बांधून दिली, आणि बाहेरून कुलूप घातले. ताई म्हणते, “दुसऱ्याची भाषा शिकलास, तिच्यात गाणी रचलीस. आता आपल्या भाषेत एकदा माझ्याशी भांडून दाखव. एकदा तरी ताट आपट.” ती हे चेष्टेत म्हणते आणि मी ताट हलकेच ओट्यावर ठेवतो.

वडिलांचेही तसेच होते. ते टपालखात्यात होते. आयुष्यभर शिक्के मारले, बोलणेही तसेच, एका ठोक्यात एक शब्द. मी आणि ताई या शहरात आल्यापासून दर रविवारी अकरा वाजता त्यांचा फोन येई. जेवलास? जेवलो. झोप? लागते. काम? चाललंय. बरं मग. बरं. वर्षानुवर्षे याच चार पायऱ्या. मला त्यांचा कंटाळा कधी आला नाही; उलट त्या चुकल्या असत्या तर मी घाबरलो असतो. मुलगी पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना मला त्यांचा शेवटचा रविवार आठवला. जेवलास? जेवलो. झोप? लागते. काम? चाललंय. आणि मग ते थांबले होते. किती वेळ? तोंडातला फेस थुंकायचे विसरून मी ते अंतर मोजण्याचा प्रयत्न करीत राहिलो. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता, मागे कुठेतरी भांडे पडल्याचा आवाज आला होता, आणि मग मीच म्हणालो होतो, बरं मग. त्यांचे वाक्य मी त्यांना सांगितले होते. ते म्हणाले होते, “हं. बरं मग.” त्याच आठवड्यात गुरुवारी, कार्यालयाच्या जिन्यावर बसल्या बसल्या ते गेले. छातीत दुखत असे म्हणे, महिनाभर. कुणालाच बोलले नाहीत, असे सगळे म्हणतात. पण ते खरोखर थांबले होते का? की त्या मुलीचे थांबणे माझ्या मनातून मागे मागे ओघळत त्या फोनपर्यंत पोहोचले आणि तिथे त्याने एक रिकामी जागा तयार केली? ताईला विचारले तर ती म्हणाली, “तू उगाच कोळसा उगाळतोयस. बाबा कधी चार शब्दांवर पाचवा बोलले होते का?” मग ती थोड्या वेळाने, भाजी चिरता चिरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “आणि बोलायचं असतं तर बोलले असते.” तिच्या विळीचा आवाज बराच वेळ येत राहिला, भाजी संपल्यावरही.

आठव्या दिवशी मोठ्या बाई मला घेऊन मुलीच्या घरी गेल्या. जाताना वाटेत त्यांनी मला काय बोलायचे ते सांगून ठेवले. त्या फार सज्जन बाई आहेत आणि माझा अबोलपणा त्यांना माहीत आहे. “फक्त एवढंच म्हणा, की आमचं लक्ष होतं, पण क्षणात झालं. बाकी मी बघते.” मी मान हलवली. माझ्या खिशात बटण होते. मुलीला खाली नेल्यानंतर ते मला सतरंजीवर सापडले होते, निळे, दोन भोकांचे. पडताना ते तिच्या उजव्या मुठीत असले पाहिजे. मूठ मिटलेली होती म्हणून तिला तळवा टेकवता आला नाही, असे डॉक्टर म्हणाले नव्हते; ते मी ठरवले होते. वाटेत मी एक वाक्य मनात घोळवीत होतो. ते मी कुणालाच सांगितले नव्हते, ताईलाही नाही, आणि या कथेच्या सुरुवातीला इथेही सांगितले नाही. तिसऱ्या वेळेआधी, दुसऱ्या वेळेआधी, पहिल्या वेळेच्याही आधी, मी चांदण्या सोडवीत होतो तेव्हा, ती माझ्या गुडघ्यापाशी आली होती. तिने म्हटले होते, “सर, माझा—” एवढेच. घरच्या भाषेतले दोन शब्द. सगळा वर्ग तिच्याकडे वळून ओठांवर किल्ली फिरवू लागला होता. आणि मीही, चांदणीवरची नजर न काढता, मोकळ्या हाताने, हसत, किल्ली फिरवली होती. म्हणून ती खोक्यावर चढली. मी तिच्यासाठी उघडी ठेवलेली वाट तेवढीच होती, आणि ती डोक्यापासून सुरू होत होती.

खोली लहान होती. निम्मी शिवणयंत्राने व्यापलेली, उरलेल्या जागेत एक खाट, आणि खाटेवर ती, पांढऱ्या प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून, डाव्या हाताने बटणांच्या रांगा लावीत बसलेली. मला बघून तिने लगेच ओठ मिटून घेतले. आईने कपड्यांचे गठ्ठे उचलून आम्हाला बसायला जागा केली. “सर, तुम्ही कशाला त्रास घेतलात? पोरं पडायचीच. आमच्या पोरीचं कौतुकच करते मी. मोठ्या बाई म्हणाल्या ना मला, हाड मोडलं तरी गातच होती म्हणे! एक टिपूस नाही डोळ्यांत.” मोठ्या बाई समाधानाने म्हणाल्या, “गाण्यात इतकी रमली होती, की दुखणंच विसरली. मी तर सगळ्या पालकांना सांगते.” हे त्यांनी खरोखरच सांगितले होते. शाळेच्या फाटकापाशी, जिन्यावर, मी दोन-तीनदा ही गोष्ट ऐकली होती आणि प्रत्येक वेळी ती जरा अधिक सुंदर झालेली होती. आता ती मुलीच्या देखत सांगितली जात होती. मुलगी बटणे लावायची थांबली आणि ऐकू लागली. स्वतःविषयीची एखादी नवी माहिती ऐकावी तशी, लक्षपूर्वक.

मी म्हणालो, “नमस्कार. कशी आहे आता?” आई म्हणाली, बरी आहे. मी विचारले, “जेवते ना नीट?” जेवते. “झोप?” लागते. मला कळत होते की मी कुठल्या दोरीला धरून चाललो आहे, आणि तिच्या कुठल्या गाठीपाशी मला थांबायचे आहे. मी थांबलो. “त्या दिवशी,” मी म्हणालो, “ती गात नव्हती. म्हणजे गात होती, पण आधी ती मला—” माझे कान तापले. शिवणयंत्राच्या चाकावर उन्हाचा एक तुकडा पडला होता. तो मला अजून दिसतो. आई माझ्याकडे बघत होती, चांगल्या, थकलेल्या, सुईत दोरा ओवून बारीक झालेल्या डोळ्यांनी, आणि तिला माझी दया आली. “सर, तुम्ही मनाला लावून नका घेऊ,” ती म्हणाली. “हळव्या माणसांचं असंच होतं.” मोठ्या बाई म्हणाल्या, “मी तेच सांगते त्यांना.” मी म्हणालो, “हं.” नंतर चहा आला. उठताना मी खिशातले बटण काढून यंत्राशेजारच्या डब्यात टाकले, कारण ते मुलीच्या हातात देण्याचे धैर्य मला झाले नाही. डब्यात शेकडो बटणे होती, आणि माझा हात बाहेर येईपर्यंत ते त्यांतले कोणते, हे मला सांगता येईनासे झाले. निघताना मुलीने डावा हात हलवला. ओठ तिने शेवटपर्यंत उघडले नव्हते. “तुमच्यासमोर चिनीच बोलायचं ना,” आई हसून म्हणाली, “म्हणून गप्प आहे. नाहीतर घर डोक्यावर घेते.”

त्यानंतरचे पाच आठवडे कसे गेले हे सांगण्यासारखे नाही. मी शिकवत होतो. रंगांचे गाणे झाले, ढगांचे झाले. शरीराचे गाणे मी घेतले नाही. मुलांनी मागितले तरी टाळले. रिकाम्या वेळी मी दुखण्याचे गाणे रचण्याचा प्रयत्न केला. दुखते आहे, या शब्दाला चाल लावली, मग ती पुसली, दुसरी लावली. प्रत्येक चालीत ते दुखणे गोड होई. शेवटी मला उमगले की ज्याला ताल आहे असे दुखणे मला पुन्हा ऐकू येणार नाही, आणि मी ते पान फाडले. मग मी ठरवले की ती परत येईल त्या दिवशी नियम मोडायचा. कुलूप काढायचे. त्यासाठीचे वाक्य मी घरच्या भाषेत तयार केले, आरशासमोर उभा राहून म्हणून पाहिले, शेजारच्या खोलीतून ताईने “कुणाशी भांडतोयस?” असे विचारीपर्यंत.

ती सोमवारी आली. प्लास्टर निघाले होते; मनगट दुसऱ्या मनगटापेक्षा बारीक आणि फिकट दिसत होते, भिंतीवरच्या त्या नकाशांच्या चौकोनांसारखे. तिने दाराबाहेर बूट काढले, डाव्या हाताने तोंडातून काहीतरी ओढले, बुटात कोंबले, आणि आत येऊन आपल्या जागेवर बसली. काचेवर वाफ होती. मी ठोकळे खाली ठेवले. उभा राहिलो. माझे कान तापायला लागले होते, पण मी म्हणालो, मोठ्याने, घरच्या भाषेत, “मुलांनो, ऐका. आजपासून या खोलीत कुठल्याही भाषेत बोललं तरी चालेल. कुणाला काही सांगायचं असेल, तर—”

मग एकाने डोळे मोठे केले, दुसरा खुदकन हसला, आणि अठराच्या अठरा मुले माझ्याकडे वळून ओठांवर किल्ली फिरवू लागली. किती आनंद झाला होता त्यांना! सर चुकले होते. सरांच्या तोंडून निसटले होते. मी हात वर केला, “नाही, खरंच,” म्हणालो, तसा त्यांचा उत्साह वाढला. मागची दोघे गुडघ्यांवर उभी राहून दोन्ही हातांनी किल्ल्या फिरवू लागली. मी तिच्याकडे पाहिले. तीही फिरवीत होती, त्या बारीक, फिकट, उजव्या हाताने, आणि हसत होती. ती इतकी हसलेली मी कधी पाहिली नव्हती. माझ्या तोंडातले वाक्य तिथेच राहिले. मी ते गिळले. आणि मी गिळले हे दिसताच मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग ती उठली आणि खोक्यावर चढली. पाळी तिची नव्हती, पण कुणी हरकत घेतली नाही. ती माझ्याकडे वळून उभी राहिली, मी ठोकळे उचलीपर्यंत थांबली, आणि म्हणू लागली. डोके. डोळे. सूर मुळीच सुटला नाही. कान, नाक, तोंड. माझे हात ताल देत होते. ते माझे वाटत नव्हते, तरी ताल अचूक होता. ती शोऊपाशी आली. थांब, मी मनात म्हणालो, इथे थांब, या वेळी मी काही बोलणार नाही. आणि ती थांबली नाही. हातावरून ती सरळ, सफाईने, न अडखळता पुढे गेली, पायापर्यंत पोहोचली, आणि सतरा जोडी पावले एकदम लाकडी जमिनीवर आदळली. खाली खालच्या वर्गातल्या बाईंनी सुस्कारा सोडला असेल.

ती जपून, एकेक पाय टेकवीत, खोक्यावरून उतरली. माझ्यासमोर येऊन तिने मान वर केली आणि डोळे मिटून कपाळ पुढे केले. तिच्या चेहऱ्यावर कसलाही आरोप नव्हता. तिने आपली चूक सहा आठवडे घरी बसून दुरुस्त करून आणली होती. पाकिटातल्या चांदण्या अजून एकमेकींना चिकटलेल्या होत्या. मी नखाने त्यांतली एक सोडवू लागलो.